जाळ्यातले अनाहूत जीव



गेल्या सत्रात नववीच्या वर्गात समुद्रसंपत्तीचा पाठ चालू असता एका विद्यार्थ्याने आम्हास प्रश्न केला, "आपल्या हैदराबादला समुद्रच नाही. मग समुद्रातल्या प्राण्यांची चिंता आपण कशासाठी करावयाची?" प्रश्नात उद्धटपणा नव्हता, तो प्रामाणिक होता, आणि प्रामाणिक प्रश्नास उत्तर देणे हे शिक्षकाचे कर्तव्यच होय. परंतु तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली आणि उत्तर अपुरे राहिले. ते पुरे करावे, या हेतूने आम्ही हा लेख लिहावयास घेतला आहे. आम्ही कला शाखेचे पदवीधर आहोत. प्राणिशास्त्राचे पंडित नव्हे. तथापि आमचे बालपण समुद्राच्या सान्निध्यात गेले असल्यामुळे या विषयाशी आमचा परिचय केवळ पुस्तकी नाही, एवढे नम्रपणे सांगावेसे वाटते.

प्रथम अंतराचा विचार करू. हैदराबादपासून अगदी जवळचा समुद्रकिनारा अडीचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे, हे खरे. पण आपल्या शहरातून वाहणारी मुसी पुढे वाडपल्लीपाशी कृष्णेला मिळते, आणि महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा मुसीचे पाणी पोटात घेऊन बंगालच्या उपसागरास मिळते. त्र्यंबकेश्वरी जन्मलेली आपली गोदावरी काकिनाड्याच्या परिसरात अनेक मुखांनी त्याच उपसागरात शिरते. तेथेच कोरिंगाचे अभयारण्य आणि होप नावाचे बेट आहे. तेथील वाळूत 'ऑलिव्ह रिडले' जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या अंडी घालण्यास येतात. ज्या दोन नद्यांच्या काठी मराठी संस्कृती वाढली, त्यांच्या मुखांशी ही कासवे जगतात आणि तेथेच जाळ्यांत सापडून मरतात.

दुसरी गोष्ट अशी की, समुद्राची बित्तंबातमी ठेवणारी भारताची एक प्रमुख संस्था आपल्याच शहरात, प्रगतीनगर भागात आहे. 'भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र' हे तिचे नाव. १९९९ साली स्थापन झालेली ही संस्था उपग्रहांच्या साह्याने समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्याचा रंग पाहते, आणि मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे हे किनाऱ्यावरील मच्छीमारांस कळविते. म्हणजे मालवणच्या वा मच्छलीपट्टणच्या नाखव्यास मासळीचा ठाव हैदराबादहून सांगितला जातो! आणि रामनगरच्या बाजारात रविवारी सकाळी पिशवी घेऊन उभा राहणारा गृहस्थ, त्याचाही समुद्राशी संबंध नाही असे कोण म्हणेल?

आता मूळ विषयाकडे वळू. मच्छीमार समुद्रात जाळे टाकतो ते विशिष्ट मासळीसाठी. कोणी कोळंबीसाठी, कोणी सुरमईसाठी, कोणी बांगड्यासाठी. परंतु जाळ्यास डोळे नसतात. त्याच्या वाटेत जे जे येईल ते ते त्यात सापडते. ज्याच्यासाठी जाळे टाकलेच नव्हते असे कासव, डॉल्फिन, मुशी, पाकट, समुद्रसर्प, आणि ज्यांची वाढ पुरी झालेली नाही अशी लहान मासळीही, त्यात ओढली जाते. यांनाच आम्ही या लेखात 'अनाहूत जीव' असे म्हटले आहे. यांपैकी काही विकले जातात, काही खतासाठी किंवा कोंबड्यांच्या खाद्यासाठी जातात, आणि पुष्कळसे मेलेल्या वा मरणोन्मुख अवस्थेत परत समुद्रात फेकले जातात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे, जगात दरवर्षी सुमारे ९१ लाख टन मासळी अशी पकडून फेकून दिली जाते. जगातील सागरी मासेमारीत जे हाती येते त्याच्या जवळजवळ अकरा टक्के हे प्रमाण पडते. दहा टोपल्या भराव्या आणि त्यांतील एक टोपली उकिरड्यावर ओतावी, असाच हा व्यवहार झाला.

सर्वच जाळी सारखी घातक नसतात. कोळी बांधवांचे डोल जाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहात पिशवीसारखे रोवलेले असते. गिलनेट हे पडद्यासारखे पाण्यात उभे सोडतात. मासा त्यातून डोके घालतो आणि कल्ल्यांपाशी अडकतो. पर्ससीन जाळे मासळीच्या थव्याभोवती वेढा घालून, बटव्याच्या नाडीप्रमाणे खालून आवळून घेतात. ट्रॉल जाळे तर यांत्रिक बोटीच्या मागे समुद्राचा तळ घासत तासन् तास ओढले जाते. कोळंबी तळाशी राहते, म्हणून कोळंबीसाठी मुख्यतः हेच जाळे वापरतात. आणि कासवांना सर्वांत मोठे भय याच जाळ्याचे आहे.

या ठिकाणी एक आठवण सांगितल्यावाचून आम्हास राहवत नाही. आमचे आजोळ गोव्याच्या पेडणे तालुक्यातील एका किनारी गावात. घरात भाषा कोकणी, शाळेत मराठी. आमच्या मामांचा गावच्या रापणीत वाटा होता. रापण म्हणजे किनाऱ्यावरून अर्धवर्तुळाकार टाकलेले लांबच लांब जाळे. त्याची दोन टोके धरून तीस-चाळीस माणसे ते हळूहळू वाळूवर ओढून आणतात. सुटीच्या दिवशी आम्ही मुलेही दोराला हात लावीत असू, आणि त्या मोबदल्यात मूठभर तारल्या आम्हास मिळत. एका सकाळी त्या जाळ्यात चंदेरी मासळीच्या मध्यभागी एक मोठे कासव धडपडताना दिसले. आम्ही मुलांनी आरडाओरडा केला. पण वृद्ध तांडेल पुढे आला, आणि शांतपणे एवढेच म्हणाला, "सोडात तिका. ती आवय." सोडा तिला, ती आई आहे. चौघांनी तिला उचलून पाण्यात नेले. जाळ्याचा एक भाग सैल झाल्याने बरीचशी मासळी निसटली, पण कोणी हूं की चूं केले नाही.

ही एक बाजू झाली. दुसरी बाजू पुढे काही वर्षांनी दिसली. रापणीला मासळी मिळेनाशी झाली, म्हणून मामांनी कर्ज काढून होडी आणि गिलनेट घेतले. एके पहाटे जाळे ओढताना ते विलक्षण जड लागले. मोठी मासळी लागली या आशेने सर्वांनी जोर केला. वर आले ते मेलेले कासव. त्याने सुटकेसाठी एवढी धडपड केली होती की जाळ्याचा मोठा भाग फाटून त्याच्या पायांभोवती पिळला गेला होता. ते कापून काढावे लागले. पुढचे दोन दिवस मामा अंगणात बसून जाळे विणीत होते; होडी किनाऱ्यावर उलटी पडून होती, आणि सावकाराचा हप्ता काही थांबणार नव्हता. "तिचाही घात झाला आणि माझाही," एवढेच ते म्हणाले. त्या वाक्यात या सर्व प्रश्नाचे मर्म आहे, असे आम्हास आज वाटते. अनाहूत जीव जाळ्यात सापडणे ही कासवाची हानी आहे, तशीच ती मच्छीमाराचीही हानी आहे. त्या दोघांस एकमेकांचे शत्रू ठरवून हा प्रश्न सुटणार नाही.

कासव जाळ्यात मरते ते का, हे समजून घेतले पाहिजे. समुद्रात राहणारा हा प्राणी मासा नव्हे. त्यास कल्ले नाहीत, फुप्फुसे आहेत. श्वासासाठी त्यास वेळोवेळी पृष्ठभागावर यावेच लागते. निवांत असता ते पाण्याखाली दीर्घकाळ राहू शकते. परंतु जाळ्यात धडपडताना त्याच्या शरीरातील प्राणवायू लवकर संपतो आणि ते अक्षरशः बुडून मरते. डॉल्फिनची गतीही तीच. यातून एक उपयुक्त गोष्ट निष्पन्न होते. वर काढलेले कासव निश्चेष्ट दिसले म्हणून ते मेलेच असे समजू नये. त्यास लगेच पाण्यात टाकल्यास ते खात्रीने बुडेल. त्याऐवजी पोटावर ठेवून मागचा भाग वीतभर उंच करावा, सावलीत ठेवून नाकपुड्या मोकळ्या राखून अंगावर ओले कापड घालावे, आणि वाट पाहावी. फुप्फुसांतील पाणी निघून गेल्यावर काही तासांनी अनेक कासवे पुन्हा हालचाल करू लागतात. यासाठी चोवीस तासांपर्यंत धीर धरावा, असे तज्ज्ञ सांगतात.

कोणी म्हणेल, कासवे काय थोडी आहेत? २०२५ सालच्या फेब्रुवारीत ओडिशातील ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी जवळजवळ सात लाख माद्यांनी अंडी घातली, असे आपण वाचले. मग काहीशे कासवे मेली तर काय बिघडले? हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो, पण त्यात गफलत आहे. कासवाची मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते हे खरे; परंतु त्या पिलांपैकी हजारात एखादेच मोठे होते असे मानतात. आणि ते मोठे व्हावयास दहा-पंधरा वर्षे लागतात. म्हणजे जाळ्यात सापडणारी प्रौढ मादी ही हजार पिलांतून वाचलेली, तुमच्याएवढे वय झालेली मादी असते. तिची जागा पुढच्या वर्षी भरून निघत नाही. शिवाय लाखो माद्या मोजक्या किनाऱ्यांवर, मोजक्या महिन्यांत एकवटतात. तेव्हा त्या काळात तेथे ट्रॉल बोटी फिरल्या की एकाच हंगामात मोठी हानी होते. २०२५ च्या जानेवारीत चेन्नईच्या परिसरातील किनाऱ्यांवर शेकडो मृत कासवे वाहून आली, ही घटना ताजीच आहे. आणि उपेक्षेचा शेवट कोठे होतो याचे उदाहरण हवे असेल, तर मेक्सिकोकडे पाहावे. तेथील कॅलिफोर्नियाच्या आखातात 'वाकिता' नावाची जगातील सर्वांत लहान शिशुक जात राहते. दुसऱ्याच एका माशासाठी लावलेल्या गिलनेटमध्ये सापडून ती इतकी घटली की आता जेमतेम दहा-एक उरल्या आहेत. वाकितेला कोणी मारावयास निघाले नव्हते. ती केवळ मध्ये सापडली.

परंतु मित्रहो, हा विषय केवळ शोकाचा नाही. यात मनुष्याच्या कल्पकतेचाही इतिहास आहे, आणि त्यातील कित्येक कल्पना प्रयोगशाळेत नव्हे तर बोटींवरच सुचल्या आहेत. पूर्व प्रशांत महासागरात पिवळ्या परांचे ट्यूना मासे डॉल्फिनच्या कळपाखालून पोहतात. १९६० नंतर अमेरिकन बोटी डॉल्फिन दिसले की त्यांच्याभोवतीच पर्ससीन जाळे टाकू लागल्या, आणि दरवर्षी लक्षावधी डॉल्फिन मरू लागले. तेव्हा खलाशांनीच एक युक्ती काढली. जाळे अर्धे ओढून झाल्यावर बोट हळूहळू मागे न्यावयाची. त्यामुळे जाळ्याची दूरची कड पाण्याखाली जाते, आणि तेवढ्या फटीतून डॉल्फिन निसटतात. ट्यूना खोल असल्यामुळे आतच राहतो. हॅरोल्ड मेदिना या कप्तानाने पुढे त्या कडेला बारीक आसाचे जाळे जोडले, म्हणजे डॉल्फिनची चोच त्यात अडकू नये. १९७२ साली अमेरिकेत सागरी सस्तन प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. बोटींवर निरीक्षक नेमण्यात आले. त्या समुद्रात आज मरणाऱ्या डॉल्फिनची संख्या पूर्वीच्या मानाने शेकडा एकाहूनही कमी आहे.

कासवांसाठीच्या साधनाची कथा तर अधिकच मनोरंजक आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात सिंकी बून नावाचा कोळंबी पकडणारा नाविक होता. त्याचे जाळे जेलीफिशांनी भरून जाई आणि कोळंबी चिरडली जाई. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याने जाळ्यात एक तिरपी जाळी बसविली. मोठे ते तीवर आपटून बाहेर जावे आणि बारीक ते गजांतून आत जावे, असा तिचा हेतू. पुढे ध्यानात आले की जेलीफिश बाहेर जातो त्याच वाटेने कासवही बाहेर जाऊ शकेल! त्यातूनच आजचे 'टेड' हे साधन विकसित झाले. ट्रॉल जाळ्याच्या शेपटीकडील पिशवीच्या अलीकडे गजांची एक लंबगोल चौकट तिरपी बसवितात. कोळंबी आणि लहान मासळी गजांमधून पिशवीत जाते. कासव गजांवर आदळून घसरत जाते, आणि त्या टोकाला ठेवलेल्या झडपेतून समुद्रात परत जाते. खिडकीच्या गजांतून वारा आत यावा आणि मांजर बाहेर राहावे, तसाच हा प्रकार आहे. त्याचप्रमाणे, लांब दोरांना हजारो गळ लावून मासे धरणाऱ्या बोटींमागे अल्बट्रॉस पक्षी आमिषावर झडप घालून गळास लागत. जपानी मच्छीमारांनी बोटीच्या मागे फडफडत्या पट्ट्यांचा दोर लावण्याची प्रथा पाडली; पक्षी त्यास बिचकतो. या साध्या उपायास आज अनेक देशांनी नियमाचे रूप दिले आहे.

भारतात या साधनाचा प्रवेश मात्र वादातून झाला. १९८९ साली अमेरिकेने असा कायदा केला की, कासवांस वाचविण्याची व्यवस्था न करता पकडलेली कोळंबी अमेरिकेत येऊ द्यावयाची नाही. १९९६ पासून तो सर्व देशांस लागू झाला. भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. १९९८ साली जो अंतिम निर्णय लागला तो विचार करण्यासारखा आहे. कासवांचे रक्षण करण्याचा हेतू न्याय्य आहे. परंतु काही देशांस सवलत आणि काहींवर सक्ती अशी जी अंमलबजावणी झाली ती न्याय्य नाही, असे त्याचे तात्पर्य होते. हेतू शुद्ध असला तरी मार्गही न्यायाचा असावा लागतो, हा धडा विद्यार्थ्यांनी येथून अवश्य घ्यावा.

दरम्यान १९५७ साली स्थापन झालेल्या, कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने आपल्या बोटींस साजेल असे साधन तयार केले. तिच्या चाचण्यांत कोळंबीची घट शेकडा एकाच्या आत आणि इतर मासळीची घट शेकडा दोन-तीन इतकीच आढळली. ओडिशात १९९७ साली गहिरमाथा सागरी अभयारण्य घोषित झाले. तेथील कासवांच्या परिसरात नोव्हेंबर ते मे या काळात मासेमारी बंद ठेवतात. तरीही मृत कासवे किनाऱ्यास लागणे थांबले नाही, कारण साधन देणे निराळे आणि ते जाळ्यात बसविले जाणे निराळे. मच्छीमारांचे म्हणणे असे की, झडपेतून कासवाबरोबर मोठा पाकट आणि मोठा मासाही जातो, आणि गजांत कचरा अडकला तर झडप उघडीच राहते. शेकडा दोन-तीन हा आकडा अहवालात लहान दिसतो. परंतु डिझेलचा खर्च वजा जाता ज्याच्या हाती थोडकेच उरते, त्यास तो लहान वाटत नाही. उलट पक्षी, २०१८-१९ च्या सुमारास अमेरिकेने भारताच्या समुद्रात पकडलेली कोळंबी याच कारणासाठी नाकारली, तेव्हा झालेली हानी शेकडा दोन-तीनाहून कितीतरी मोठी होती. ज्याने साधन लावले नाही त्याच्याबरोबर ज्याच्या जाळ्यात कधी कासव सापडले नाही, त्यासही ती सोसावी लागली.

मग उपाय कोणता? आमच्या मते गुजरात आणि महाराष्ट्र यांनी त्याची दिशा दाखविली आहे. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर पूर्वी व्हेल शार्क या जगातील सर्वांत मोठ्या माशाची, यकृताच्या तेलासाठी आणि पुढे परदेशी जाणाऱ्या मांसासाठी, शिकार होई. २००१ साली त्यास वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. पण केवळ कायद्याने लोकांचे मन पालटत नाही. २००४ साली वन विभाग, भारतीय वन्यजीव न्यास आणि टाटा केमिकल्स यांनी लोकजागृतीची मोहीम काढली. प्रसिद्ध कथाकार मोरारी बापू यांनी मच्छीमारांस समजाविले की, हा मासा आपल्या किनाऱ्यावर येतो तो बाळंतपणासाठी माहेरी येणाऱ्या लेकीसारखा. त्यास 'व्हाली', म्हणजे लाडकी, हे नाव मिळाले. जे मच्छीमार त्याची शिकार करीत, तेच आपले जाळे कापून त्यास सोडू लागले, आणि कापलेल्या जाळ्याची भरपाई शासन देऊ लागले. आजवर शेकडो व्हेल शार्क असे मुक्त झाले आहेत. आमच्या गावच्या निरक्षर तांडेलाने "ती आवय" म्हणून जे जाणले होते, तेच येथे संपूर्ण किनाऱ्यास पटले.

महाराष्ट्र शासनानेही डिसेंबर २०१८ मध्ये अशीच योजना काढली. संरक्षित सागरी प्राणी जाळ्यात सापडल्यास मच्छीमाराने जाळे कापून त्यास सोडावे, त्याचे छायाचित्र वा चित्रफीत पुराव्यादाखल द्यावी, आणि जाळ्याच्या हानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई घ्यावी, अशी ती योजना आहे. मत्स्यव्यवसाय विभाग आणि वन विभागाचा कांदळवन कक्ष यांच्याकडून ती राबविली जाते. आमच्या मामांच्या वेळी अशी सोय असती तर, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. मेलेले कासव जिवंत झाले नसते. परंतु पुढचे जिवंत सापडले असते तेव्हा सुरी हाती घेताना मामांचा हात थरथरला नसता.

लहान मासळीसाठीही एक सोपा उपाय सिंधुदुर्गात करून पाहण्यात आला. ट्रॉल जाळ्याच्या पिशवीचे आस नेहमी शंकरपाळ्याच्या आकाराचे असतात. जाळे ओढताना ताण पडला की ते मिटतात, आणि बोटभर पिलूही बाहेर जाऊ शकत नाही. तेच आस चौकोनी ठेवले तर ओढतानाही ते उघडे राहतात, आणि लहान मासा निसटतो. त्यामुळे उद्याची मासळी समुद्रात राहते, आणि आजची मासळी अधिक स्वच्छ हाती येते. वहीच्या कागदाची एक पट्टी चौकोनी आणि एक तिरपी कापून ताणून पाहू नका. त्याऐवजी जुन्या पिशवीचे जाळीदार कापड घ्या, प्रथम आसांच्या बाजूने आणि मग कोनाकडून कोनाकडे ओढा. फरक तत्क्षणी दिसेल.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावाचे नावही येथे घेतले पाहिजे. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने ग्रामस्थांच्या साह्याने २००२ पासून तेथे कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले. ज्या गावात पूर्वी अंडी चोरीस जात, तेथेच आज पिले समुद्रात जाताना पाहावयास दूरदूरचे लोक येतात आणि गावकऱ्यांच्या घरी उतरतात. २०२२ च्या जानेवारीत याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी संपर्क ठेवणारे यंत्र बसविण्यात आले. तिला 'प्रथमा' हे नाव दिले गेले. आणखी एक आश्चर्य ऐका. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर क्रमांकाचा बिल्ला लावलेली एक मादी २०२५ साली गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्व किनाऱ्यावरून लंकेला वळसा घालून ती पश्चिम किनाऱ्यास आली असावी. हे अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटरांचे भरते. वाटेत किती जाळी तिने चुकविली असतील, याची कल्पनाच केलेली बरी! ओडिशाच्या समुद्रात ती वाचली, म्हणून कोकणच्या वाळूत तिने अंडी घातली. समुद्राच्या प्राण्यास राज्यांच्या सीमा ठाऊक नाहीत. म्हणून त्याच्या रक्षणाची जबाबदारीही एका राज्याची असू शकत नाही.

आता तुम्ही विचाराल की, आपण हैदराबादच्या मुलांनी काय करावे? ज्यांच्या घरी मासळी शिजते, त्यांनी बाजारात आकार पाहावा. महाराष्ट्राने २०२३ साली ५४ जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे. चंदेरी पापलेटासाठी ती १३५ मिलिमीटर आहे. तुमच्या पट्टीपेक्षाही लहान! तळहाताएवढेही न झालेले पापलेट स्वस्त मिळाले तरी आईवडिलांस ते घेऊ नका असे सांगावे. त्याने एकदाही अंडी घातलेली नसतात. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून आणि पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत मासळी महाग झाली तर कुरकुर करू नये. समुद्राची ती सुटी आहे, आणि तुम्हांसही सुटीचे महत्त्व चांगलेच ठाऊक आहे. ज्यांच्या घरी मासळी शिजत नाही, त्यांनी किनाऱ्यावर सहलीस गेल्यावर तुटकी जाळी आणि प्लास्टिकच्या दोऱ्या वाळूत पडू देऊ नयेत. अशा सोडलेल्या जाळ्यांत पाय कापले गेलेली कासवे पावसाळ्यात किनाऱ्यास लागतात. पालघर जिल्ह्यातील डहाणू येथे त्यांच्यावर उपचार करणारे केंद्रच आहे.

आणि जे पुढे विज्ञान शिकतील, त्यांच्यापुढे एक काम उभे आहे. हवाई बेटांजवळ २००६ पासून मच्छीमारांस पाण्याच्या तापमानावरून असे कळविले जाते की, अमुक पट्ट्यात कासवे असण्याचा संभव आहे, तेथे गळ टाकू नका. आपल्या शहरातील केंद्र मासळी कोठे आहे हे सांगते. जाळे कोठे टाकू नये, हेही एके दिवशी प्रत्येक नाखव्यास तितक्याच खात्रीने येथून सांगता आले, तर केवढे मोठे काम होईल! ते काम करणारा कदाचित आज याच शाळेच्या बाकावर बसला असेल. कदाचित ज्याने आम्हास तो प्रश्न विचारला, तोच तो असेल.

आमचे मामा आता थकले आहेत. त्यांचा मुलगा होडीवर जातो. गेल्या सुटीत आम्ही त्यास विचारले, "कासव सापडले तर काय करतोस?" तो म्हणाला, "जिवंत असेल तर जाळे कापतो. नुकसान होते. पण बाबा विचारतात, तेव्हा खोटे सांगवत नाही." कायदा, भरपाई आणि साधने ही सर्व हवीतच, पण घरी कोणीतरी विचारणारे असावे लागते. दूर राहणाऱ्या आपणा सर्वांचे काम तेच आहे. आपण विचारीत राहावे. समुद्र हैदराबादेत नाही, हे खरे. परंतु विचारणारा तेथे असलाच पाहिजे असे थोडेच आहे?